जुन्या पिकअपला चिप लावण्याआधी इंजिनाची तब्येत तर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हडपसरला डिझेल पंप-नोझलचं काम करतो आणि सध्या माझ्याकडे येणारा जो तो पिकअपवाला एकच विचारतोय, चिप (पॉवर वाढवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावू का? पॉवर वाढते, ॲव्हरेज पण वाढतं, अर्ध्या तासात फिटिंग, असल्या जाहिराती त्यांच्या मोबाईलवर येत असतात, आणि ज्याची गाडी दहा-बारा वर्षांची झालीये, मार्केट यार्डातून भुसार माल भरून सासवडला निघाला की दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर यायला लागतं आणि मागून एसटी हॉर्न मारत असते, त्याला ते खरं वाटणारच ना. त्याला मी नावं ठेवत नाही. पण विकणारा एकही जण त्याला विचारत नाही की बाबा, हीच गाडी आधी हाच घाट आरामात चढत होती ना, मग आता का ओढत नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की हे आधी शोधा, चिपचं नंतर बघू.

चिप काय करते ते कोणी नीट सांगतच नाही म्हणून सांगतो. कॉमन रेल गाडी, जिच्यात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या पाइपमधून (रेल) डिझेल जातं, म्हणजे बीएस-4 (धुराच्या नियमांचा एक टप्पा) मधली बोलेरो पिकअप किंवा टाटा झेनॉन घ्या, फुल लोडवर डिझेलचं प्रेशर 1400-1600 बारपर्यंत जातं, टायरमधल्या हवेचं पाच बार पण नसतं, यावरून अंदाज घ्या. रेलवरचा सेन्सर हे प्रेशर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो. चिपचा बॉक्स या दोघांच्या मधे बसतो आणि आहे त्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो, नोझल तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त पडतं आणि गाडी पळते. ईसीयूला खोटं सांगून डिझेल वाढवलं, बाकी काही नाही. दुसरा प्रकार रिमॅप, त्याचं वेगळं, त्यात ईसीयूचा प्रोग्रामच बदलतात, आणि इंजिन ठणठणीत असेल, करणारा जाणकार असेल, डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायचं मशीन) धूर आणि टेंपरेचर बघत बघत करत असेल तर फरक पडतो, ते मी नाकारत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्त. एकाने काढून आणलेला डबा मी उघडून बघितला, आत एक रेझिस्टर, दोन वायरी आणि वरून ओतलेलं काळं एपॉक्सी. हा हवेच्या टेंपरेचर सेन्सरच्या वायरीत जोडायचा म्हणजे ईसीयूला वाटतं हवा गार आहे, बस्स. असल्या डब्याला लोक हजारो रुपये देतायत हे बघून खरंच वाईट वाटतं. आणि मेकॅनिकल पंपाच्या जुन्या टाटा 207 डीआयला तर ईसीयूच नसतो, तिला चिप लावणार कुठे, तरी तिच्यासाठीही विचारणारे येतात.

आता जुन्या गाडीचं पुलिंग का जातं? बहुतेक वेळा कारण साधं निघतं. ईजीआरमधे (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बन साठलेला असतो, डिझेल फिल्टर चोक असतो, नोझल पाझरत असतात, क्लच स्लिप होत असतो, नाहीतर मग खरंच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं असतं. एक गाडी चिपसाठीच आली होती, घाटात काळा धूर आणि दम नाही अशी तक्रार. खाली वाकून बघितलं तर टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होसला क्लिपच्या अगदी खाली चीर, तेल आणि मातीचा थर बसल्यामुळे वरून काही दिसत नव्हतं, बोटाने पुसल्यावर कळली. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर जात होती. होस बदलला, माणूस तोच माल घेऊन तोच घाट चढला. याच गाडीला बॉक्स लावला असता तर हवा आधीच कमी त्यात डिझेल वाढलं असतं, न जळलेलं डिझेल काळ्या धुरातून बाहेर आणि आत सिलिंडरमधे उष्णता. दम लागलेल्या म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचायची, तसला प्रकार. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, शुद्ध ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडायला लागतं. नोझल पाझरत असताना बॉक्स लावून ओव्हरलोड पळवलेल्या एका गाडीचा पिस्टन माझ्यासमोर उतरवला, डोक्यावर नोझलच्या बरोबर खाली भोक पडलेलं, आरपार. इंजिन काम म्हणजे त्या माणसाच्या मुलांच्या फीचे पैसे गेले, वर कामाला गाडी नाही ती वेगळीच.

कायद्याचं पण कोणी सांगत नाही. गाडीत मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मधे सांगितलंय, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी वांधे होतात ते वेगळं. पीयूसीला बीएस-4 डिझेलच्या धुराच्या दाटपणाचं लिमिट 1.62 (प्रति मीटर) आहे, त्याच्या आधीच्या गाड्यांना 2.45, पण लोक काय करतात, बॉक्सचा प्लग काढतात, पीयूसी घेतात आणि गेटबाहेर आल्यावर परत लावतात. ज्या शहरात टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, जिथे गाड्यांचा धूर मोजून मगच त्या बाजारात सोडतात, तिथे रस्त्यावर हे चाललंय. तो धूर सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवाल्या बाईच्या आणि पुढे उभ्या असलेल्या तिच्या पोराच्या नाकात जातो, मला याचा राग येतो आणि तो यायलाच पाहिजे असं वाटतं.

पिकअपवाल्या भावांना एवढंच सांगतो, आधी स्कॅनर लावा, नोझलची लीक-ऑफ टेस्ट (नोझलमधून किती डिझेल परत जातंय ते बघायची) करा, कॉम्प्रेशन चेक करा, सगळे होस हाताने चाचपून बघा. यात जो खर्च येतो तो चिपपेक्षा बहुतेक कमीच असतो. इंजिन चांगलं निघालं आणि तरीही पॉवर कमी पडत असेल तर माल कमी भरा नाहीतर मोठी गाडी बघा.

आणि आरटीओला आपल्या पेपरमार्फत विनंती आहे की आठ वर्षांवरच्या गाड्या दरवर्षी पासिंगला येतातच, तेव्हा बॉनेट उघडून रेल सेन्सरच्या वायरीत मधे काही जोडलंय का तेवढं बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांनी प्लग काढून ठेवलेला असेल त्यांच्या कनेक्टरवरच्या ताज्या खुणा आणि कापलेली टेप अनुभवी इन्स्पेक्टरला लगेच दिसेल.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, हडपसर, पुणे