चि. अनिकेत, मोशनचं उत्तर असं लिही

सातारा

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तुरुंगात तुझ्या मोडलेल्या हाताकडे दुर्लक्ष केल्याबद्दल तू लावलेल्या दाव्यात प्रतिवादींच्या वकिलांनी टाकलेलं समरी जजमेंटचं मोशन ताईनं न्यू जर्सीतल्या एडिसनहून स्कॅन करून पाठवलं. सगळं वाचलं. गठ्ठ्याची जाडी बघून घाबरू नकोस, निम्म्याहून अधिक तुझेच वैद्यकीय कागद आहेत. हे पत्र मराठीत असल्यामुळे तपासणीत रेंगाळेल, म्हणून मुख्य मुद्दे ताई फोनवरही सांगेल. मी तिकडचा वकील नाही, पण कोर्टात कारकुनी करत जन्म गेला. कागद कसा वाचतात ते मला कळतं.

हा निकाल नाही, निकाल मागणारा अर्ज आहे. फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांतल्या नियम 56 प्रमाणे न्यायाधीशांनी एवढंच बघायचं, की महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल खरा वाद शिल्लक आहे का. नसेल, तर ज्युरीपुढे न जाता तिथंच निकाल. असेल, तर कोण खरं बोलतंय हे त्यांनी आत्ता ठरवायचं नाही. पुरावा तुझ्या बाजूला झुकतं माप देऊन वाचायचा. 2014 मध्ये टोलन विरुद्ध कॉटन या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं एवढ्याच कारणावरून खालचा निकाल रद्द केला. तेव्हा तुला अजून दावा जिंकायचा नाहीये. वाद आहे, एवढं कागदावर दिसलं पाहिजे.

तुझ्या कच्च्या मसुद्यात संताप भरपूर आहे. रास्त आहे, पण त्याला पुरावा म्हणत नाहीत. खरं काम आहे ते त्यांच्या क्रमांक घातलेल्या 'निर्विवाद वस्तुस्थिती'च्या निवेदनावर, आणि तेच तू बाजूला ठेवलंयस. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाचा स्थानिक नियम 56.1 सांगतो, की प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमानं उत्तर द्यायचं: मान्य की अमान्य, आणि अमान्य असेल तर कोणत्या कागदाच्या आधारावर. जे नाकारलं नाही ते मान्य धरतात. आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मध्ये लेखी कैफियतीला हाच दंडक आहे. 'सदर मजकूर खोटा व बनावट आहे' एवढ्या एका ओळीवर भागवणारे पक्षकार मी ढिगानं पाहिलेत. 2006 चं बेअर्ड विरुद्ध बँक्स हे प्रकरण लायब्ररीत मिळालं तर वाच. पेनसिल्व्हेनियाच्या त्या कैद्याच्या बाजूनं अपील कोर्टानं निकाल दिला होता. पण तुरुंगखात्यानं मांडलेली वस्तुस्थिती त्याच्याकडून नाकारलीच गेली नव्हती, ती मान्य धरली गेली आणि सुप्रीम कोर्टात तो हरला.

आता परिच्छेद 14. 'वादीनं 29 मार्चपूर्वी मनगटाच्या दुखण्याची तक्रार केली नाही.' त्यांची सगळी इमारत यावर उभी आहे, आणि तुझ्याकडे 12 मार्चच्या सिक कॉल स्लिपची, म्हणजे दवाखान्यात दाखवायला मागणाऱ्या चिठ्ठीची, प्रत आहे! 'अमान्य' लिही, ती स्लिप एक्झिबिट म्हणून जोड, पान क्रमांक दे. तिथं शिवीगाळ नको, विशेषणही नको.

डॉक्टरांचं शपथपत्र मात्र हुशारीनं केलंय. 'मला ते मुरगळणं वाटलं,' असं ते म्हणतात. 1976 च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बलपासून कायदा असा आहे, की नुसता निष्काळजीपणा क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीच्या दाव्याला पुरत नाही. आणि 1994 च्या फार्मर विरुद्ध ब्रेनननुसार धोका माहीत असून तो डावलला, हे दाखवावं लागतं. त्यामुळे 'हात मोडला होता' हे दहादा लिहून उपयोग नाही, ते तर त्यांनाही मान्य आहे. त्यांना तेव्हा काय माहीत होतं, ते लिही. सुजलेला हात बघून 'मोडलाच असेल, पण एक्स-रेची यादी भरलीय' असं नर्स तुझ्यासमोर म्हणाली, हे मसुद्यात पार शेवटी कुठंतरी दडलंय. ते वर आण. ती स्वतः प्रतिवादी आहे, त्यामुळे तिचं बोलणं तिच्याविरुद्ध वापरता येतं.

हे सगळं डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे शपथपत्रासारख्या सहीच्या निवेदनात, घाल, नुसत्या युक्तिवादात नको. तारीख, जागा, कोण हजर होतं, तू काय पाहिलंस, काय ऐकलंस. नोटरी शोधत बसू नकोस. संघीय कायद्याच्या कलम 1746 नुसार खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र असल्याचं ठराविक वाक्य, तारीख आणि सही पुरते. खोलीतल्या सोबत्याचंही घे, पण त्याला 'हाड मोडलं होतं' असं लिहू देऊ नकोस, तो काही डॉक्टर नाही. हात किती सुजला होता, तुला जेवणाचा ट्रे धरता येत नव्हता, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय, तेवढंच लिहावं.

दाव्याआधी तुरुंगातल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या तू चढला नाहीस, असाही त्यांचा मुद्दा आहे. 1996 च्या कैद्यांच्या दाव्यांच्या कायद्यानं ती अट आहे खरी. पण जोन्स विरुद्ध बॉक (2007) नुसार अट पाळली नाही हे त्यांनी सिद्ध करायचं, आणि रॉस विरुद्ध ब्लेक (2016) नुसार जी वाट प्रत्यक्षात बंद होती ती चढण्याची सक्ती नाही. अपिलाचा फॉर्म मागूनही दिला नाही, तो कधी, कोणाकडे मागितलास, ते डिक्लेरेशनमध्ये येऊ दे.

कॉरिडॉरचं चित्रीकरण मागूनही त्यांनी दिलेलं नाही. त्यासाठी नियम 56(डी) खाली वेगळं डिक्लेरेशन कर: काय मागितलं, ते का मिळालं नाही, मिळालं तर नेमकं काय दिसेल. 'अजून पुरावा हवा' एवढ्यावर कोणी थांबणार नाही.

तू आत कशासाठी आहेस, हा प्रश्न या दाव्यात नाही. उत्तरात त्याची सफाई देत बसू नकोस. ते आपण आपल्यात बोललोय.

वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून माग. तुरुंगातल्या टपाल अधिकाऱ्याच्या हाती देशील ती तारीख सर्व्हिसच्या (समोरच्यांना प्रत पाठवल्याच्या) दाखल्यावर घाल आणि प्रत स्वतःजवळ ठेव. परिच्छेद 14 आणि नर्सचा भाग आधी लिहून ताईकडे पाठव, म्हणजे मला वाचून उलट टपाली कळवता येईल. आईचं पत्र वेगळं येतंय.

तुझे बाबा