एका पेशंटचे दोन केसपेपर कशाला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये व्यसनमुक्ती समुपदेशक आहे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक घरांची कहाणी इतकी सारखी असते की पुढचं वाक्य आता मला पाठ झालंय. मनोविकाराच्या ओपीडीत सांगतात, "आधी दारू सोडवून आणा." व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, "मेंटल पेशंट आम्ही घेत नाही."

सातपूरच्या एका कामगाराचं बघा. बायपोलर आजार (मन कधी टोकाचं उत्तेजित, कधी टोकाचं उदास), त्यावरची लिथियमची गोळी चालू, जोडीला रोजची दारू. एका केंद्रात भरती केलं, तर दारातच गोळ्यांची पिशवी परत दिली. "इथं गोळ्या चालत नाहीत, तीही नशाच." दारू बंद झाली आणि झोपही उडाली. रात्रभर बडबड, सकाळी मारामारी, लगेच केंद्राचा फोन, घेऊन जा. बायकोनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं केसपेपरवर लिहून मिळालं, 'व्यसनमुक्तीसाठी पाठवावे'. तो कागद तिनं आधार कार्डाच्या पाकिटात घडी घालून ठेवलाय. कशाला, विचारलं तर म्हणाली, "पुन्हा विचारतील ना, कुठं कुठं नेलं होतं."

साहेब, मनोविकार तुमच्या खात्याकडे आणि व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे. मंत्रालयातली ही वाटणी खाली केसपेपरपर्यंत झिरपली आहे. कायद्यात ती नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत.

आधी हे, मग ते, हा क्रम उपचारातही टिकत नाही. कुणी उदासी दाबायला पितो, कुणाची उदासी पिण्यातून येते, पुष्कळांत दोन्ही गुंतलेलं असतं. शिवाय रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे घबराटीवरचं ओपीडीतलंच औषध. तीही अचानक बंद करून चालत नाही, डॉक्टरनं डोस हळूहळू कमी करावा लागतो. केंद्राच्या कुलूपबंद खोलीत ते कोण करणार?

नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना सापडला तेव्हा सगळे जागे झाले. एमडी घेऊन कानात आवाज ऐकू येणाऱ्या पोरांना कुठं न्यायचं, याची चर्चा मात्र झाली नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही सगळ्यांना देतो. फोनवर धीर मिळतो, पण पुढं जायचं पुन्हा त्याच दोन दारांत.

मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत. नाशिकला एक द्या, असं आज म्हणत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाच्या देखरेखीखाली दारू सोडतानाचा त्रास सांभाळायला खाटा राखून ठेवा, आणि दोन्ही आजारांची तपासणी एकाच दिवशी, एकाच केसपेपरवर होऊ द्या. अनुदानित केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञाची ठरलेली फेरी हवी. सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या तालुक्यातल्या माणसाला महिन्याच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयातच मिळाव्यात. नाशिकला एसटीनं यायचं तर दिवसाची मजुरी बुडते म्हणून औषध सुटतं, आणि औषध सुटलं की बाटली हातात येते.

यातल्या बऱ्याच गोष्टींना वेळ लागेल, हे कळतं. पण डॉक्टरनं लिहिलेली गोळी कुठल्याही केंद्रानं थांबवू नये आणि दुसरा आजार आहे म्हणून कुणी पेशंट परत पाठवू नये, एवढं परिपत्रक दोन्ही खात्यांच्या सहीनं या महिन्यात निघू शकतं. निघालं तर त्याची प्रत आम्हालाही पाठवा, केंद्राच्या दारात दाखवायला लागेल.

आपली,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक, नाशिक