बेळगावातल्या वडगावच्या आप्पांना, दोन पावसाळे उशिरा

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल असं धरून लिहितोय. तुमची शाळा कन्नड, माझी मराठी. बोलताना आपलं कधी अडलं नाही, पण माझी जोडाक्षरं तुम्ही चष्मा लावून सोडवत बसावं असं काही नाही. मधेमधे कॉम्प्युटरचं येईल. नात म्हणेल, हे सोडून पुढचं वाचते. तुम्ही सोडू देणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो तेव्हा खाली चार माग चालायचे. पहिला आठवडा डोळ्याला डोळा लागला नाही. महिन्याभरानं उलटंच झालं, लाईट गेली की झोपमोड व्हायची. आपली गाठ पडायची तीही लाईट गेल्यावरच. एरवी त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? माग थांबले की तुम्ही जोत्यावर येऊन बसायचा आणि मी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. एकदा म्हणालात, "तुझं बरं हाय की. तुझं काम पोटात लाईट घिऊन फिरतंय."

त्याच दिवशी तुम्ही विचारलंत, दिवसभर काय रेघोट्या मारतोस म्हणून. मंगाईच्या जत्रेच्या आधीचा आठवडा होता, पाऊस लागून राहिला होता.

रेघोट्याच होत्या त्या. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून प्रोग्रॅम लिहितो. कुठला भाग कुणाशी बोलतो याचं चित्र कोडच्या वर टिपेत असलं की पुढच्या माणसाचा दिवस वाचतो. चित्राची वेगळी फाईल केली तर सहा महिन्यांत कोड एकीकडे नि चित्र दुसरीकडे. म्हणून चित्र कोडमध्येच काढायचं, कीबोर्डवरच्या खुणांनी: आडवीला -, उभीला |, कोपऱ्याला +. ही काही माझी अक्कल नव्हे. इंटरनेटवर एक यंत्र दुसऱ्याशी कसं बोलतं याचे नियम आरएफसी नावाच्या साध्या मजकुराच्या कागदांत असतात. सप्टेंबर १९८१चा आरएफसी ७९३ उघडा, टीसीपी या निरोप पोचवायच्या नियमाच्या हेडरमधला, म्हणजे निरोपाच्या माथ्यावरच्या माहितीतला, एकेक बिट याच तीन खुणांच्या चौकटीत मांडलेला दिसेल, ओळीला ३२. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या जागी आरएफसी ९२९३ आला, पण चौकट तशीच आहे.

मी ज्यात कोड लिहितो तो प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, व्हिम. त्यात अशा रेघा हातानं ओढायच्या म्हणजे शिक्षा, म्हणून त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, प्लगइन, लिहायला घेतला होता. ड्रॉइट नावाचा असा प्लगइन व्हिमला आधीच आहे, ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्यांकडे आर्टिस्ट मोड आहे, मग तू कशाला डोकं फोडतोस, असं सगळ्या मित्रांनी विचारलं. मला काढलेली चौकट नंतर तिला लागलेल्या रेघांसकट सरकवायची होती आणि आत मराठी नाव लिहायचं होतं. तुम्ही हे विचारलंच नाहीत. माणूस काही बनवतोय म्हणजे त्याला ते हवं असेल, एवढं तुम्हाला पुरलं.

मी ऐटीत दहा घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर) आडवा, दहा ओळी उभा असा चौकोन काढून दाखवला. तुम्ही मान तिरकी केलीत. "ह्यो चौकोन व्हय? हे दार झालं की."

खरं सांगू, राग आला होता. मोजून काढलाय आप्पा, दहा बाय दहा. तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि ट्रंकेतून ग्राफची गुंडाळी घेऊन आलात. पिवळा पडलेला कागद, कडेला वाळवी लागलेली, वर शाईनं भरलेली कोयरी. शाळेतल्या ग्राफसारखा तो नव्हता, त्याची घरं चौरस नव्हती. इंचात ताण्याचे उभे धागे जितके बसतात तितके बाण्याचे आडवे बसत नाहीत, म्हणून धाग्यांच्या हिशेबानं आखलेला ग्राफ घ्यायचा, नाहीतर कागदावरचं गोल फूल पदरावर वांग्यासारखं लांबतं, हे तुम्ही मला पाचवीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलंत. मग माझ्या पडद्यावर नख टेकवून म्हणालात, "तुझं घर उभट हाय. तू घर मोजलंस, माप न्हाई मोजलंस."

टर्मिनलमधलं, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या त्या पडद्यावरचं, एक घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं. अकरा वर्षं त्या पडद्यासमोर बसून मला ते दिसलं नव्हतं, आणि तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. त्याच रात्री चौरसाचा कमांड दुरुस्त केला: खाली एक ओळ तर आडवी दोन घरं. प्रमाण प्रत्येकाला बदलता येईल असं ठेवलं, कारण फॉन्ट बदलला की तेही थोडं हलतं.

पण हे त्यातलं सोपं. मी अडकलो होतो ते रेघा एकमेकींना भेटतात तिथं. आधी आडवी होती आणि वरून उभी गेली तर + लावायचा, आधी उभी असेल तर तसंच, कोपऱ्यावर येऊन थांबली तर आणखी वेगळं. कुठली रेघ केव्हा ओढली याची वही माझा प्रोग्रॅम ठेवत होता. एखादी पुसली की वही चुकायची आणि + तसाच मागं उरायचा, तसबीर काढल्यावर भिंतीत खिळा उरतो तसा. तीन आठवड्यांत सतरा इफ, म्हणजे 'असं असेल तर तसं कर'च्या अटी, झाले होते, एकावर एक चढवलेले, आणि अठरावा लिहायच्या बेतात होतो.

हे सगळं मी तुम्हाला हातवारे करून सांगितलं. किती कळलं असेल याची शंका होती. तुम्ही विचारलंत, "कापडाला काय म्हाईत, तू आदी कुठला धागा काढलास ते?"

मग बोट कोयरीच्या देठावरच्या एका घरावर. भरलेलं घर म्हणजे जॅकार्डच्या, मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याला भोक, भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. पुठ्ठा पाडणाऱ्याला डिझाईन काढणाऱ्याचा हात कुठून कुठं फिरला याच्याशी काही घेणं नसतं. चूक शोधायची तर एकेका घराशी थांबायचं. "ह्या घराला इचार. तुझ्या वर कोण, खाली कोण, डाव्या-उजव्या अंगाला कोण. त्येच सांगतंय आपण कोण ते."

लाईट आली, माग सुरू झाले आणि तुम्ही उठून गेलात. मी तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो.

वर रेघ असेल तर १, उजवीकडे असेल तर २, खाली ४, डावीकडे ८. बेरीज करायची, शून्यापासून पंधरापर्यंत काहीतरी येणारच. ५ आलं म्हणजे वर-खाली, उभी रेघ. १० म्हणजे आडवी. ६ म्हणजे उजवीकडे नि खाली, चौकटीचा वरचा डावा कोपरा. १५ म्हणजे चौक. सोळा ओळींचा तक्ता, आणि वहीची गरजच उरली नाही. सतराच्या सतरा इफ मी एका फटक्यात उडवले, तो आनंद तुम्हाला सांगून कळायचा नाही. किंवा कळेलही, गुंतलेला ताणा सुटल्यावर तुमचा चेहरा मी पाहिलाय. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत, ┌ ┬ ┼ असल्या खुणांची १२८ घरं राखून ठेवलेली आहेत. तिथंही हाच तक्ता चालला, फक्त उत्तरं बदलली.

पुढच्या खेपेला लाईट गेली तेव्हा मी धावतच खाली आलो, फुशारकी मारायला. दोन चौकटी एकमेकींना खेटून काढल्या आणि हे झालं:

+----++----+
|    ++    |
+----++----+

मधल्या दोन भिंतींनी एकमेकींना शेजारी म्हणून मोजलं आणि गळ्यात गळा घातला. तुम्ही एवढे हसलात की काकू आतून बघायला आल्या. "शेजारी ऱ्हातो म्हणून लगेच सोयरा झाला व्हय रे? हात पुढं करतोय का बघ की आदी."

नेमकं तेवढंच चुकलं होतं. उभ्या रेघेचे हात वर आणि खाली असतात, बाजूला नसतात. शेजारच्या घरात काही आहे का हे विचारून भागत नाही, त्याचा हात माझ्याकडे आलाय का हे विचारायचं. कोडमध्ये ती तुलना जेमतेम चार ओळींची झाली. त्या फंक्शनचं नाव मी 'सोयरा' ठेवलंय. परदेशातल्या एकानं विचारलंही, हा काय शब्द म्हणून. मी तुमचं वाक्य जमेल तसं समजावलं. त्याला लग्नाचा संबंध कळला, शेजाऱ्याचा काही कळला नाही.

मराठी नावांचं मात्र मला अजून खुपतं. 'बेळगाव' लिहिलं आणि लांबी मोजणाऱ्या साध्या फंक्शननं अठरा सांगितले, कारण युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं आणि ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी चिन्हं सहा. पडद्यावर घरं लागतात चार. म्हणजे चार माणसांच्या संसाराला अठरा खोल्यांचा वाडा. व्हिममध्ये पडद्यावरची रुंदी सांगणारं दुसरं फंक्शन आहे, ते बरोबर चार म्हणतं, म्हणून मला वाटलं सुटलो. मग 'चिक्कोडी' लिहिलं. व्हिमच्या हिशेबानं चार घरं, डोळ्याला दिसतात तीन अक्षरं, आणि फॉन्ट आपल्याच मर्जीनं पसरतो, त्यामुळं उजवी भिंत बाहेर ढकलली जाते. निपाणी नीट बसली तर खानापूर सांडतं. कन्नडातही तीच गत, तुमच्या नातीनं तिचं नाव घालून बघितलं होतं, आठवतंय? फॉन्ट काही माझ्या प्लगइनच्या हातात नाही. दोन महिने मी त्या भिंतीवर डोकं आपटलं.

तुम्ही ग्राफच्या कडेला बोट केलंत. तिथं आकडे होते नि आकड्यांसमोर रंगांची नावं. "घरात 'जांबळा' म्हणून कोण लिवत बसतंय? नंबर घालायचा, कडंला लिवायचं."

+-----+     +-----+
|  १  |---->|  २  |
+-----+     +-----+
१ : ताणा
२ : माग

मी म्हणालो, ही पळवाट झाली आप्पा. तोंड वाकडं करूनच म्हणालो असेन. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, विडीच पेटवलीत. आकड्याला काना नाही, वेलांटी नाही, तो जोडाक्षरात जात नाही, एक आकडा म्हणजे एक घर, हे घरी वर गेल्यावर पाचेक मिनिटांत लक्षात आलं. खाली येऊन कबूल करायला मात्र मला दोन पावसाळे लागले. आता मी स्वतः सगळ्यात जास्त तेच वापरतो. खालची यादी एकदा मराठीत काढता येते, एकदा कन्नडात, वरच्या चित्राला हात न लावता. आपल्याकडे पाट्यांवरून काय काय होतं ते तुम्ही-आम्ही बघतोच, माझ्या चौकटींत ते भांडण शिरायला जागाच नाही.

डिझाईन आता कॉम्प्युटरवर होतं, नवे माग पेन ड्राईव्हवरून चालतात, तुमच्या गुंडाळ्या ट्रंकेत आहेत. मी एकदा हळवं होऊन विचारलं होतं, वाईट वाटतं का. "कसलं वाईट? डोळं वाचलं," म्हणालात. तेव्हापासून मी या विषयावर हळवं व्हायचं सोडून दिलंय.

मग मी टिळकवाडीला खोली घेतली. सामान टेम्पोत घालून गेलो, शेवटचं भाडं मोबाईलवरून पाठवलं, खाली येऊन नीट निरोपही घेतला नाही. माग चालू होते, हे कारण मी स्वतःला दिलं. ते खोटं आहे, त्या दुपारी लाईट गेलेली होती. प्लगइन पुरा करून दाखवायला येईन म्हणालो होतो आणि तो पुरा झाला नव्हता, म्हणून तोंड चुकवलं. त्याबद्दल माफी, आणि बाकी सगळ्याबद्दल मनापासून आभार. नाव घालू नको म्हणाला होतात, म्हणून मदतीच्या पानावर नाव नाही. तिथं तुमची कोयरी आहे, तारे आणि टिंबांनी काढलेली, माप मोजून.

एक अडलंय. काढताना प्रत्येक घराचे हात माझ्या प्लगइनला ठाऊक असतात, पण फाईल बंद करून पुन्हा उघडली की नुसता + उरतो, आणि त्याचे कुठले हात खरे हे कळत नाही. खेटलेल्या चौकटी परत एकमेकींच्या गळ्यात पडतात. मधे एक रांग मोकळी सोडा असं लिहून ठेवलंय, ते कुणी वाचत नाही. वर्षभरानं जुना ग्राफ उघडल्यावर चिकटलेली दोन फुलं तुम्ही वेगळी कशी ओळखायचा?

शनिवारी दुपारी येतो. कुंदा आणतो, तुम्हाला चालत नाही हे माहीत आहे, नातीसाठी आणतो. लाईट असली तर तिसऱ्या पायरीवर थांबेन.

तुमचा,
माडीवरचा जुना भाडेकरू