सॉल्सबरीच्या विषात मेली ती हेर नव्हती

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील डॉन स्टर्जेस चौकशीचा अहवाल 4 डिसेंबर 2025 रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या ज्या बातम्या माझ्या वाचनात आल्या, त्या सर्वांचा भर एकाच निष्कर्षावर होता : सर्गेई स्क्रिपल या माजी रशियन हेराला मारण्याची 2018 मधील मोहीम रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांच्या संमतीशिवाय होऊ शकली नसती, असे चौकशीचे अध्यक्ष लॉर्ड ह्यूज यांनी म्हटले आहे. हा निष्कर्ष गंभीर आहे आणि त्याला ठळक मथळा मिळणे योग्यच होते. परंतु ज्यांच्या नावाने ही चौकशी भरली, त्या डॉन स्टर्जेस कोण होत्या, हे त्या बातम्यांत एखाद्या ओळीत उरकलेले होते. त्या 44 वर्षांच्या, तीन मुलांची आई असलेल्या सामान्य ब्रिटिश नागरिक होत्या. हेरगिरीशी, रशियाशी किंवा राजकारणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता आणि या प्रकरणात प्राण गेले ते त्यांचेच.

मी तीसेक वर्षे विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले, त्यामुळे या विषयाकडे परक्या देशातील हेरकथा म्हणून मला पाहता येत नाही. स्क्रिपल यांच्या घराच्या दाराच्या मुठीला लावलेले नोव्हिचोक हे रासायनिक अस्त्र आणि आपल्या कापसावर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरात एकाच ठिकाणी घाव घालतात. मज्जातंतूकडून स्नायूला गेलेला संदेश संपल्यावर तो पुसून टाकणारे ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर ती निकामी करतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, छाती स्रावांनी भरते आणि श्वासाचे स्नायू थकून थांबतात. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्याकडील डॉक्टर रात्रंदिवस उतारा म्हणून ॲट्रोपीनची इंजेक्शने देत होते. दोन्ही विषांच्या मात्रेत प्रचंड अंतर आहे. नोव्हिचोक इतके तीव्र आहे की डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो, आणि ते माणसे मारण्यासाठीच बनवलेले आहे. त्यामुळेच 4 मार्च 2018 रोजी इंग्लंडमधील सॉल्सबरी शहरात एका बाकावर स्क्रिपल आणि त्यांची कन्या युलिया बेशुद्ध सापडल्यावर सुरुवातीला अमली पदार्थाच्या अतिमात्रेचा संशय घेणाऱ्या, तरीही दोघांना जगवणाऱ्या तिथल्या डॉक्टरांबद्दल आणि परिचारिकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या पत्राचा विषय मात्र राजकीय प्रतिसाद हा आहे, आणि त्यासाठी 2018 च्याही बारा वर्षे मागे जावे लागते. रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेचे माजी अधिकारी अलेक्झांडर लिटविनेंको यांना 1 नोव्हेंबर 2006 रोजी लंडनच्या मेफेअर भागातील एका हॉटेलात ग्रीन टीमधून पोलोनियम-210 हा किरणोत्सारी पदार्थ देण्यात आला. ते नुकतेच ब्रिटिश नागरिक झाले होते. पोलोनियमचे किरण कागदाचा पातळ थरही भेदत नाहीत, म्हणून बाहेरून तपासणाऱ्या नेहमीच्या यंत्रांना ते सापडेना आणि डॉक्टर प्रथम थॅलियमच्या मागे लागले. खरे कारण कळेपर्यंत फार उशीर झाला होता. 23 नोव्हेंबरला लिटविनेंको गेले. पोलोनियमची मात्र जागोजागी खूण राहिली होती आणि पोलिसांनी आंद्रेई लुगोवोय व दिमित्री कोवतुन या दोन रशियनांपर्यंत माग काढला. पुढे ब्रिटनने काय केले? रशियाने लुगोवोय यांना सोपवण्यास नकार दिल्यावर जुलै 2007 मध्ये ब्रिटनने चार रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांना परत पाठवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लुगोवोय रशियाच्या संसदेवर निवडून गेले आणि खासदारकीबरोबर त्यांना कायद्याचे संरक्षणही लाभले.

लंडनसारख्या शहराच्या मध्यभागी किरणोत्सारी विष वापरून एका नागरिकाचा खून होतो, आणि त्याची किंमत चार अधिकाऱ्यांची बदली एवढीच ठरते! लिटविनेंको यांच्या पत्नी मरीना यांनी सार्वजनिक चौकशीची मागणी केली, तेव्हा ब्रिटनच्या गृहमंत्री असलेल्या थेरेसा मे यांनी ती नाकारली आणि नकाराच्या कारणांत आंतरराष्ट्रीय संबंधांचाही उल्लेख केला. या बाईंना उच्च न्यायालयात जावे लागले. चौकशी जाहीर झाली ती जुलै 2014 मध्ये, पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेल्यानंतर काही दिवसांनी. खून बहुधा पुतिन यांच्याच मान्यतेने झाला असावा, असा निष्कर्ष सर रॉबर्ट ओवेन यांनी जानेवारी 2016 मध्ये मांडला, तोपर्यंत नऊ वर्षे उलटली होती. एका विधवेच्या चिकाटीमुळे सत्य कागदावर आले. सरकारला ते बाहेर काढण्याची निकड कधी वाटलीच नव्हती. सॉल्सबरीची मुळे मला या नऊ वर्षांत दिसतात.

2018 मध्ये पंतप्रधान असलेल्या त्याच थेरेसा मे यांनी मात्र वेगळी पावले उचलली, हे मान्य केले पाहिजे. 12 मार्चला त्यांनी संसदेत सांगितले की, हे एकतर रशियन राज्यसंस्थेचे थेट कृत्य असावे किंवा या रसायनावरील तिचा ताबा सुटला असावा, आणि मॉस्कोला दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत खुलासा मागितला. खुलासा न आल्याने 14 मार्चला 23 रशियन अधिकाऱ्यांची हकालपट्टी झाली. रशियानेही तेवढेच ब्रिटिश अधिकारी परत पाठवले आणि ब्रिटिश कौन्सिलचे काम बंद केले. मग 26 मार्चला अमेरिकेने 60 अधिकाऱ्यांना जायला सांगितले, सिॲटलमधील रशियन वाणिज्य दूतावास बंद केला आणि वीसहून अधिक देश ब्रिटनच्या पाठीशी उभे राहिले. मित्रराष्ट्रांची एवढी एकजूट उभी करणे सोपे नव्हते.

त्या दिवसांतील दोन गोष्टींबद्दल मात्र माझे मत आजही ठाम आहे. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी पोर्टन डाउन येथील ब्रिटिश सरकारी प्रयोगशाळेने रसायनाचा उगम रशियातच असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितल्याचा समज करून दिला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मात्र 3 एप्रिलला स्पष्ट केले की, त्यांनी रसायन ओळखले आहे, ते नेमके कुठे बनले हे सिद्ध केलेले नाही. रशियावरचा ठपका रसायनाबरोबरच गुप्तचर माहिती आणि पूर्वीच्या घटनांच्या आधारे ठेवलेला होता आणि तो तसाच मांडायला हवा होता. वैज्ञानिकाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले की खऱ्या आरोपालाही खोटेपणाची शंका चिकटते, आणि मॉस्कोने त्या शंकेचा पुरेपूर वापर केला. दुसरी गोष्ट तेव्हाचे विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्याविषयी आहे. रासायनिक अस्त्रबंदी करारातील खुलासा मागण्याची पद्धत सरकारने वापरली आहे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि पुरावा मागणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची जी घाई काहींनी केली ती लोकशाहीला शोभणारी नव्हती. इराकमधील शस्त्रांच्या खोट्या दाव्यानंतर अशी शंका मनात येणे स्वाभाविक होते. पण 12 एप्रिलला रासायनिक अस्त्रबंदी संघटनेने ब्रिटनच्या रासायनिक निष्कर्षांना स्वतंत्रपणे दुजोरा दिला आणि ते रसायन अत्यंत शुद्ध असल्याचेही नोंदवले. त्यानंतर तरी संपूर्ण विरोधी पक्षाने एका आवाजात बोलायला हवे होते.

पैशाच्या बाबतीत तर प्रतिसाद फारच अपुरा होता. हकालपट्टीच्या त्याच आठवड्यात गॅझप्रॉम या रशियन कंपनीने लंडनमधील गुंतवणूकदारांच्या साह्याने 75 कोटी युरोंचे रोखे विकले. वीस लाख पौंड गुंतवणाऱ्या परदेशी श्रीमंतांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा परवाना देणारी योजना बंद झाली ती फेब्रुवारी 2022 मध्ये, युक्रेनवर आक्रमण होण्याच्या अवघे काही दिवस आधी. हकालपट्टी झालेले अधिकारी कालांतराने बदलता येतात, पण सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळातील संपत्तीला धक्का बसला तरच त्यांच्या निर्णयांवर परिणाम होतो. ते धाडस ब्रिटनला करायला चार वर्षे आणि एक युद्ध लागले.

डॉन स्टर्जेस यांचा मृत्यू या सगळ्यानंतरचा आहे. मारेकऱ्यांनी विष बनावट अत्तराच्या बाटलीतून आणले होते आणि ती बाटली नंतर टाकून दिली. ती डॉन यांचे मित्र चार्ली राउली यांच्या हाती लागली. कोणी टाकून दिलेली चांगली वस्तू समजून त्यांनी ती डॉन यांना दिली आणि 30 जूनला त्यांनी मनगटावर अत्तर म्हणून ते फवारले. पोलिसांचा पहिला अंदाज अमली पदार्थांचा होता. 8 जुलैला त्या गेल्या. जमिनीवर सापडलेली अनोळखी वस्तू उचलू नका, असा इशारा लोकांना मिळाला तो ही विषबाधा होऊन गेल्यानंतर. त्या बाटलीत हजारो माणसे मरतील एवढे विष होते, हे चौकशीत पुढे आले. याहून भयंकर निष्काळजीपणा मी कल्पू शकत नाही. आणि तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघे संशयित मारेकरी एका रशियन वाहिनीवर आपण सॉल्सबरीच्या कॅथेड्रलचा 123 मीटर उंच मनोरा पाहायला गेलो होतो असे सांगत होते, आणि ऑगस्ट 2020 मध्ये पुतिन यांचे विरोधक अलेक्सेई नवाल्नी यांच्या शरीरात त्याच गटातील रसायन सापडले.

भारताने आपला घोषित रासायनिक अस्त्रसाठा 2009 मध्ये पूर्ण नष्ट केला आणि असली अस्त्रे कुठेही, कुणीही, कोणत्याही कारणाने वापरणे समर्थनीय नाही ही भूमिका तो सातत्याने मांडतो. ती भूमिका मला अभिमानाची वाटते, म्हणूनच रशियाशी जुनी मैत्री असतानाही रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या हेगमधील व्यासपीठावर आपण या घटनेचा नावानिशी निषेध करावा असे मला वाटते. आपल्या दैनिकाला माझी विनंती याहून छोटी आहे. यापुढे या घटनेबद्दल लिहिताना ‘स्क्रिपल प्रकरण’ असे म्हणून थांबू नये. स्क्रिपल वाचले, त्यांची मुलगीही वाचली. डॉन स्टर्जेस हे नावही बातमीत पूर्ण छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ