माहीमच्या फलाटावरचा तुझा प्रश्न

वसई,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

बुधवारी चर्चमधली नोव्हेना प्रार्थना आटोपून आपण माहीमच्या फलाटावर उभे होतो, तेव्हा तू विचारलंस, "तुमच्यात प्रत्येकाला एक राखणदार देवदूत असतो ना? मग त्या रात्री हायवेवरच्या अपघातात माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा धाकट्याचा दूत कुठे होता?" तेवढ्यात माझी गाडी आली आणि गर्दीने मला आत लोटलं. पण गाडी आली नसती तरी त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस तुझा प्रश्न घेऊनच उठतोय, झोपतोय. बोलताना मी अडखळेन, म्हणून लिहितो.

आधी त्या 'तुमच्यात'बद्दल. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू लहान मुलांविषयी म्हणतो, यांतल्या एकालाही तुच्छ लेखू नका, कारण यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सतत पाहत असतात. त्यावर भाष्य करताना संत जेरोम लिहून गेले, की माणसाचा जीव इतका मोलाचा आहे की जन्मापासूनच त्याच्यासाठी एक दूत नेमलेला असतो. पुढे तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनीही हेच मांडलं, आणि दूत बाप्तिस्म्यापासून नव्हे, जन्मापासून सोबत असतो हे मुद्दाम सांगितलं. म्हणजे धाकट्यालाही होता. सगळे ख्रिस्ती एवढं मानत नाहीत. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांच्या मते माणशी एक दूत असं ठामपणे सांगता येत नाही, सगळे मिळूनच आपली काळजी वाहतात. मी जेरोमचा. पहिलीत असताना कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात सिस्टरनी आम्हाला बाकावर थोडं सरकून बसायला सांगितलं होतं, शेजारी दूताला जागा हवी म्हणून. मी इतका सरकलो की अर्धा बाकाबाहेर लोंबकळत होतो. पुढे कितीतरी वर्षं रात्री चटईवरही भिंतीकडची वीतभर जागा मी मोकळी ठेवायचो. ती सवय मोडली, विश्वास नाही मोडला.

पण त्या वयात मला दूत म्हणजे अंगरक्षक वाटायचा. आपण पडणार, तो झेलणार. तुझ्या प्रश्नातही तोच आहे, आणि त्यात तुझी काही चूक नाही, कारण आम्हीच मुलांना तसं शिकवतो. घराघरात टांगलेलं ते चित्र आठव: मोडका पूल, दोन पोरं आणि मागे पंख पसरून उभा असलेला दूत. स्तोत्रसंहितेतल्या ९१व्या स्तोत्रात वचनही आहे, की तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू नये म्हणून दूत तुला हातांवर झेलतील. मात्र शुभवर्तमानात हे वचन कोणाच्या तोंडी येतं ठाऊक आहे? सैतानाच्या. मंदिराच्या टोकावर नेऊन तो येशूला म्हणतो, टाक उडी, झेलतीलच की. येशू उडी टाकत नाही. ते वचन खरं आहे, पण ते अपघात टाळण्याचा करार नाही, एवढं मला त्यातून कळतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मधे झोपलेला. दूत येतो, त्याच्या कुशीत मारून त्याला जागं करतो, म्हणतो, ऊठ लवकर. साखळ्या गळून पडतात. मग दूत त्याला सांगतो, कंबर बांध, पायात वहाणा घाल. झोपेतून उठवलेल्या पोराला आई सांगते ना, तसं. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, एक गल्ली दोघं बरोबर चालतात, आणि मग दूत दिसेनासा होतो. ही गोष्ट मला लहानपणापासून तोंडपाठ होती. पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन मी भरभर वाचून पुढे जायचो. त्यात लिहिलंय, की हेरोद राजाने 'योहानाचा भाऊ याकोब' याला तलवारीने मारलं.

बस. एक ओळ. त्याच्यासाठी साखळ्या गळाल्या नाहीत, दरवाजा उघडला नाही. पेत्र आणि याकोब दोघेही येशूचे अगदी जवळचे, राजा तोच, दिवसही जवळपास तेच. एकाकडे दूत आला आणि दुसऱ्याची मान गेली. का, ते पुस्तक सांगत नाही. मीही तुला सांगणार नाही. सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण ज्याने हे लिहिलं त्याने पेत्राच्या सुटकेची गोष्ट गोड व्हावी म्हणून याकोबाची ओळ गाळली नाही, आणि मेलेल्याची ओळख सांगताना मागे राहिलेल्या भावाचं नाव घेतलं. शुक्रवारी रात्री ते वाचताना मला तूच दिसत होतास.

आणि खुद्द येशूचं काय झालं? गेथशेमाने बागेत तो विनवतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. लूक सांगतो, स्वर्गातून एक दूत आला. प्याला दूर करायला नाही, त्याला बळ द्यायला. दूत आल्यानंतरच त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला.

बुधवारी आपण ज्या तसबिरीसमोर उभे होतो, तिच्यात हेच आहे. तुझं लक्ष मरिया मातेकडे होतं, सगळ्यांचंच असतं. माहीमचं चर्च खरं तर मीखाएल या महादूताच्या नावाचं, पण बुधवारची गर्दी नित्य सहाय्य मातेसाठी येते. (मूळ चित्र रोमला आहे, १८६६ साली नववे पायस पोप यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या फादरांच्या हवाली केलं.) पुढच्या वेळी वरच्या दोन कोपऱ्यांत बघ. डावीकडे मीखाएल, भाला आणि स्पंज घेऊन. उजवीकडे गब्रीएल, क्रूस आणि खिळे घेऊन. दूतांच्या हातात ही हत्यारं! बाळाने मान वळवून ते पाहिलंय आणि घाबरून आईचा अंगठा दोन्ही हातांनी घट्ट धरलाय. त्या धडपडीत एका पायातली वहाण सुटून नुसत्या बंदावर लोंबतेय. ती वहाण बघ. मी तीस वर्षं ती पाहतोय.

अजून एक. कोणीतरी काकूंची समजूत काढताना म्हणालं ना, की तो आता देवदूत झाला? प्रेमाने म्हणाले, पण आम्ही तसं मानत नाही. दूत ही वेगळी निर्मिती, त्यांना देह नाही. माणूस मेल्यावर माणूसच राहतो. म्हणजे तो तुझा धाकटाच आहे, कपाळावरच्या त्या खोकेसकट. मला यातच जास्त धीर वाटतो.

धाकट्याचा दूत कुठे होता, हे तू विचारलंस. लूकच्या शुभवर्तमानात दारात पडलेला गरीब लाजर मरतो, तेव्हा दूत त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेतात. आमच्याकडे अंत्यविधीत चर्चमधून पेटी निघताना एक जुनी लॅटिन प्रार्थना गातात, देवदूत तुला स्वर्गात घेऊन जावोत. तू अग्नी दिलास तेव्हा मी मागे पत्र्याच्या शेडखाली उभा होतो. तुमचे मंत्र मला येत नव्हते. मी ही ओळ मनात म्हटली, तीनदा. तुला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

२ ऑक्टोबरला आमच्याकडे रक्षक दूतांचा सण असतो. त्या दिवशी धाकट्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवायची माझी इच्छा आहे. गांधी जयंतीची सुट्टी असते, तुला यायला जमेल. काकूंना विचार, त्यांची हरकत असेल तर नाही ठेवणार. मिस्साच्या सुरुवातीला नाव मोठ्याने वाचतात, म्हणून त्याचं पूर्ण नाव कागदावर लिहून पाठव, वडिलांच्या नावासकट.

तुझा,
वसईकर