चैत्रातली भाजी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हामुळे पालेभाज्या महागल्याची बातमी दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या दैनिकात वाचली. बातमीत चूक नाही. या दिवसांत विहिरी तळ गाठतात, कोथिंबीर वीतभर वाढण्याआधीच फुलावर येते आणि शेतातून निघालेली मेथी मंडईत पोहोचेपर्यंत माना टाकते. मात्र फ्लॉवर, मटार आणि मेथी परवडत नाही म्हणून चैत्राला दोष देणे मला पटत नाही. त्या थंडीतल्या भाज्या आहेत आणि थंडी केव्हाच सरली.

माझे बालपण रायगड जिल्ह्यात गेले. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर तिथे वाल पेरतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर घरात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने बिरड्याचा आधार होतो. वाल भिजवून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे आणि कांद्याच्या फोडणीवर ओले खोबरे व दोन आमसुले घालून शिजवायचे. जोडीला शेवग्याच्या शेंगा, कैरी घातलेली आमटी, ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी असे. विळीला व हाताला तेल लावल्याशिवाय हा फणस चिरायला घेऊ नये, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. काजूगर सोलणाऱ्या बायांची बोटे तर चिकाने भाजून काळी पडतात. म्हणून शेकड्याचा भाव चढा वाटला तरी मी घासाघीस करीत नाही.

तेव्हा सगळे गोडच लागत होते, असे मात्र नाही. आठवड्यातून चौथ्यांदा पानात बिरडे आले की आम्ही मुले तोंड वाकडे करीत असू, आणि वैशाखअखेर शेवगाही संपला की सांडगे, ताकातल्या मिरच्या आणि कांदा यांवर दिवस काढावे लागत. (आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप घातल्यापासून सांडगे कुठे वाळवायचे, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

आता पुण्यात कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे कोवळा फणस मागितला, तेव्हा ती म्हणाली, "कोण घेतंय काका? आणला तरी चिरायचा कुणी?" तिचे म्हणणे रास्त आहे. मटार सोललेले मिळतात, मक्याचे दाणे काढून मिळतात, तसा फणस चिरून आणि वाल सोलून मिळाले तर नोकरी करणारी माणसेही ते घेतील, आणि सोलणाऱ्या हातांना उन्हाळ्यात चार पैसे मिळतील.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. बाजारभावाच्या चौकटीत चैत्र-वैशाखापुरते तरी फ्लॉवर-मटारच्या खाली शेवगा, कैरी, कोवळा फणस आणि वाल यांचेही भाव छापावेत.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे