माईचा आवा

प्रिय मित्रा,

पाच महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. रोज मनात यायचं आणि राहून जायचं. पाठ आता बरी आहे, औषधं बंद झाली. पण काल रात्री जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

अप्पांचा पेन ड्राइव्ह काल माझ्या हातून पुसला जात होता.

दोन पेन ड्राइव्ह एकदम लावले होते. माझ्या जुन्याला संगणकावर नेहमी एफ हे ड्राइव्हचं अक्षर मिळतं, म्हणून सवयीने एफवर राइट क्लिक करून फॉरमॅट म्हटलं. पण काल अप्पांचा आधी लागला होता आणि मोकळं असलेलं एफ त्याच्याकडे गेलं होतं. दोघांचं चित्र तेच, करडं. माउस स्टार्टवर होता, तेवढ्यात व्हॉल्यूम लेबलच्या, म्हणजे ड्राइव्हच्या नावाच्या, चौकटीत रोमन अक्षरं दिसली : माईचा आवा.

हात मागे घेतला आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

ते नाव अप्पांनी टाइप केलं तेव्हा तू शेजारीच होतास. पेन ड्राइव्ह फॅट ३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा, तिच्यात नावाला ११च अक्षरं, मधली मोकळी जागाही त्यात धरलेली. तू म्हणालास, ‘अप्पा, एक ए कमी करा, आवाज पूर्ण बसेल.’ अप्पा म्हणाले, ‘तो आ आहे, अ नव्हे.’ मग तू एनटीएफएस ही दुसरी पद्धत करू म्हणालास, तिथे ३२ अक्षरं मिळतात. तर त्यांना तो जुन्या प्लेअरलाही लावायचा होता, आणि त्याला एनटीएफएस वाचता येत नव्हतं! तासभर भांडलात दोघं, आणि माई आतून हसत होती. आवाजचा शेवटचा ‘जे’ राहिला तो राहिलाच.

आज सकाळी पहिलं काम केलं ते त्या ड्राइव्हला चेहरा, म्हणजे स्वतःचं आयकॉन, देण्याचं. तू वहीच्या मागे अप्पांचा टेपरेकॉर्डर काढला होतास ना, तो स्कॅन केला. २५६ पिक्सेलला बटणंसुद्धा दिसतात, १६ ला मात्र नुसता डाग. म्हणून लहान मापाला फक्त कॅसेटची दोन चाकं हाताने काढली, आणि दोन्ही मापं एकाच आयको, म्हणजे आयकॉनच्या, फाइलीत ठेवली. मग नोटपॅडमध्ये दोन ओळी : चौकटी कंसात ऑटोरन, खाली आयकॉन, मग बरोबरचं चिन्ह आणि फाइलीचं नाव. ऑटोरन.इन्फ म्हणून ड्राइव्हच्या मुळाशीच, कुठल्या फोल्डरात नव्हे, सेव्ह केलं, काढून परत लावला, आणि तुझा टेपरेकॉर्डर समोर!

अँटिव्हायरसने कुरकुर केली. २००८ मधला कॉन्फिकर हा घातक प्रोग्राम याच फाइलीच्या आधाराने पेन ड्राइव्हमधून पसरायचा, तेव्हा तिचा संशय येणारच. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हवरचा प्रोग्राम या फाइलीतून आपोआप चालत नाही, चित्र आणि नाव तेवढं वाचलं जातं.

अजून एक. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला एम हे अक्षर देऊन टाकलं. तू एकदा माझ्या डीचं एम केलंस, सगळे शॉर्टकट तुटले आणि मी तुला नाही नाही ते बोललो. चालू प्रोग्राम असलेल्या ड्राइव्हचं अक्षर बदलायला नकोच होतं, हे माझं म्हणणं अजून आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्या ड्राइव्हला लांबचं अक्षर द्यावं, म्हणजे दुसरा त्याची जागा घेत नाही, हे तुझंच खरं. तेव्हाच्या बोलण्याबद्दल मला माफ कर.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग.

आता खरं विचारायचं ते. त्याच फाइलीत लेबल अशी ओळ घातली तर खरं नाव न बदलता पडद्यावर दुसरं दाखवता येतं, आणि तिथे ११ ची अट नाही. म्हणजे अप्पांचा आ तसाच ठेवून शेवटचा जे देता येईल. सकाळपासून तीनदा ती ओळ लिहिली आणि तीनदा पुसली. त्यांना पूर्ण नाव हवं होतं हे खरं. पण ते थांबले तिथे त्यांचा हात होता.

त्या दिवशी तिथे तू होतास. जे लावू का? तू सांगशील तसं करीन.

तुझाच